बारवेतल्या शेवाळाचा पीळ

माझी आणि सरांची ओळख भांडणानं झाली, आणि भांडण वर्तमानपत्रांवरून होतं. जालन्याच्या ज्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल म्हणून लागलो, तिथं रोज सात वर्तमानपत्रं यायची. महिना झाला की मी त्यांचे गठ्ठे बांधून जिन्याखाली रचायचो. दुसऱ्याच महिन्यात एक अख्खा गठ्ठा नाहीसा झाला. शिपाई म्हणाला, "वनस्पतिशास्त्राच्या सरांनी नेला. ते नेहमीच नेत असतेत."

मी तावातावानं प्रयोगशाळेत गेलो. सर एका उथळ ट्रेवर वाकले होते. ट्रेमध्ये पाणी होतं, पाण्यात एक जाड पांढरा कागद बुडवलेला, आणि कागदाच्या वर हिरवट-राखाडी रंगाचं, मऊ, बुळबुळीत असं काहीतरी तरंगत होतं. सर कुंचल्यानं त्याचे धागे एकेक करून मोकळे करत होते, आई मुलीच्या केसांचा गुंता सोडवते तसे. मग त्यांनी कागद तिरका धरून अलगद वर उचलला. पाणी ओघळून गेलं आणि धागे होते तसेच कागदावर बसले. त्यावर मलमलचा तुकडा, आणि वर-खाली आमच्या ग्रंथालयाची वर्तमानपत्रं.

"हे ग्रंथालयाचे पेपर आहेत," मी म्हणालो.

"होते," सर मान वर न करता म्हणाले. "मागच्या महिन्याची बातमी कोण वाचतं, ग्रंथपाल साहेब? हे बघा, पाणी कसं पिऊन राह्यलाय तुमचा पेपर."

त्यानंतर तीस वर्षं मी स्वतः त्यांना गठ्ठे नेऊन देत होतो. सर कादराबादेत राहायचे. घरात उर्दू, स्टाफरूममध्ये मराठी, वर्गात इंग्रजी, आणि झाडांशी बोलायचं झालं तर लॅटिन. त्यांचा जीव शेवाळांवर होता, त्यातही लाल शेवाळांवर. लाल शेवाळं बहुतेक समुद्रात असतात. गोड्या पाण्यात त्यांच्या थोड्याच जाती सापडतात, आणि त्या दिसायला लाल नसतातच; हिरवट, राखाडी, कधी काळपट. कागदावर नीट वाळल्या की मग जांभळट लाल रंग वर येतो. सर म्हणायचे, "पाण्यात असेपर्यंत लपवतं. पेपरात आलं की कबूल करतं."

सर गेले त्याला दीड वर्ष झालं. चाळिसावा झाल्यावर भाभींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला बोलावून घेतलं. दिवाणखान्याच्या एका भिंतीला छतापर्यंत वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते आणि प्रत्येक घडीत एक वाळलेली वनस्पती. भाभी म्हणाल्या, "ये सब आपकेच पेपर हैं, भाईसाब. अब आपच देखो क्या करना."

मी रोज दुपारी जाऊ लागलो. काम दोन आठवड्यांचं होतं, मला दोन महिने लागले, कारण मी घडी उघडली की आधी बातमी वाचत बसायचो. भाभी चहा ठेवून जायच्या आणि दारातून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "वो झाड देखते थे, पेपर नहीं. आप पेपर देखते, झाड नहीं. तुम दोनों की दोस्ती हुई कैसी?" मी हसलो. ग्रंथालय सोडून मलाही तीन वर्षं झाली होती, आणि अजून महिनाअखेरीला घरातली वर्तमानपत्रं सुतळीनं बांधून मी दारामागं ठेवत होतो. ती न्यायला कोणी येणार नाही हे माहीत असूनही.

त्या गठ्ठ्यांत एक निळी फाइल निघाली. वर नुसतं 'बारव' लिहिलेलं. ही बारव मला माहीत होती. भोकरदनच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात ती आहे. दगडी पायऱ्या, तळाशी दगडाचं गोमुख, आणि गोमुखातून मनगटाएवढी धार. तिथं सर दर हिवाळ्यात रविवारी जायचे. गोमुखाच्या ओठाखाली, धारेत, बोटभर लांबीचं एक शेवाळ उगवायचं, बारीक मण्यांच्या माळेसारखं. पुस्तकात त्याच्या जवळची एक जात होती. फरक एवढाच, की ज्या इवल्याशा फांदीच्या टोकाला बीज धरतं, ती फांदी पुस्तकातल्या जातीत सरळ असते, आणि सरांनी पेन्सिलीनं काढलेल्या चित्रात तिला पीळ होता. पीळ खरा असेल तर ही जात नवी. वाळवताना पडला असेल तर जुनीच.

फाइलमध्ये एका बड्या तज्ज्ञांचं दोन ओळींचं पत्र होतं. नमुना पाहिला, पीळ वाळवताना पडलेला दिसतो, असं. सरांनी मला ते पत्र आलं तेव्हाच दाखवलं होतं आणि "असेलही" म्हणून घडी घातली होती. खात्री करायची तर ताजं, पाण्यातलं शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरायला हवं. पण ते एसटीनं जालन्याला येईपर्यंत विरघळायचं, म्हणून सर ते तिथंच कागदावर चढवून आणायचे. थर्मासमध्ये आणून पाहिलं, बर्फात आणून पाहिलं. औषधात घालून आणावं, तर कोणी म्हणणार औषधानं आकसलं. आणि कॉलेजचा सूक्ष्मदर्शक जडवस्तूंच्या नोंदवहीत असल्यामुळं फाटकाबाहेर नेता येत नव्हता. सर निवृत्त झाले तसा तो मार्गही संपला. प्रश्न राहिला तसाच राहिला.

मी ती फाइल घेऊन संभाजीनगरला गेलो. तिथं एक मुलगी शेवाळांवर पीएच.डी. करत होती, सरांच्या एका विद्यार्थ्याची विद्यार्थिनी. तिनं चित्र पाहिलं, भिंग काढून कागद पाहिला, आणि पुन्हा चित्र पाहिलं. मग म्हणाली, "काका, हे शेवाळ आणखी कुठं आहे?"

"सरांना तरी दुसरीकडं कुठं सापडलं नाही."

"मग मी माझा छोटा मायक्रोस्कोप घेऊन तिथंच येते. दिवाळी झाली की लगेच."

इथून पुढं जे झालं ते माझ्यामुळं झालं. गावात जायचं तर सरपंचांना कळवायला हवं, असं मला वाटलं. ग्रंथपालाची सवय जात नाही. मी चांगला कागद घेतला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, विषय लिहिला, संदर्भ लिहिला. पण 'शेवाळ' हा शब्द काही मला अर्जात शोभेना. विद्यापीठातून माणसं शेवाळ बघायला येणार, हे लिहायचीच लाज वाटली. म्हणून मी लिहिलं: आपल्या गावच्या ऐतिहासिक बारवेतील जलसृष्टीचे निरीक्षण करण्यासाठी विद्यापीठाचे अभ्यासक येत आहेत, तरी सहकार्य असावे. अक्षर माझं सुवाच्य आहे.

आम्ही पोचलो तेव्हा बारवेच्या तोंडाशी रांगोळी होती. वर फ्लेक्स: मान्यवरांचे हार्दिक स्वागत. सरपंचबाई हार घेऊन उभ्या होत्या आणि बोलण्याचं काम त्यांचे यजमान करत होते.

"या सर, या मॅडम. पत्र आलं आन् आम्ही सगळं गाव कामाला लावलं. दोन दिस घासून राह्यलो. तारेचे ब्रश आणले, टीसीएल पावडर टाकली. पाह्यलं का गोमुख? एक काडी शेवाळ दाखवा, आपण म्हणाल तो दंड!"

गोमुख खरोखर लख्ख झालं होतं. दगडाची गायसुद्धा ओळखू येत नव्हती, इतकी गोरी. पायऱ्यांना चुना दिलेला. पाण्याला क्लोरीनचा, दवाखान्यासारखा वास येत होता. मुलीनं माझ्याकडं एकदा पाहिलं, मग सरपंचबाईंकडं वळून ती म्हणाली, "खूप मेहनत घेतलीत. खूप छान झालंय." तिनं हार घेतला, चहा घेतला, पोहेही खाल्ले. माझी ताटली मी तशीच परत दिली. सरांचा एकच प्रश्न माझ्याकडं उरला होता आणि मी तो सुवाच्य अक्षरात अर्ज करून घासून टाकला होता.

मंडळी पांगल्यावर बारवेशेजारच्या महादेवाच्या देवळाची झाडलोट करणाऱ्या मावशी जवळ आल्या. सत्तरीच्या असतील. कमरेत वाकलेल्या, आवाज खणखणीत.

"भाऊ, तोंड का उतरलं? जेवण बराबर न्हाई झालं का?"

मी सगळं सांगितलं. मावशींनी कपाळावर हात मारला.

"त्या शेंबड्या शेवाळासाठी आल्ते व्हय तुम्ही! ते जालन्याचे सर बी त्याच्यासाठीच यायचे, हातात भिंग घेऊन. मंग पत्रात तसं ल्हायचं ना! आम्ही कशाला हात लावला असता?"

"शेवाळ लिहायला बरं वाटलं नाही, मावशी."

"लई शिकलं की असं व्हतंय," मावशी म्हणाल्या आणि तिथंच विषय संपवला.

परतीच्या एसटीत ती मुलगी मला धीर देत होती. म्हणजे खरं तर मला शिकवत होती. या शेवाळाचे दोन अवतार असतात, ती म्हणाली. हिवाळ्यात दिसते ती माळ हा एक. बाकी वर्षभर ते दगडाच्या फटीत एका बारीक, लवदार ठिपक्यासारखं चिकटून बसतं, दुसऱ्याच कुठल्या तरी जातीचं वाटावं असं. पूर्वी लोक त्याला वेगळीच जात समजायचे. ब्रशानं माळ जाते, पण फटीतला ठिपका राहू शकतो. पाणी गार झालं की त्यातूनच पुन्हा माळ फुटते.

"राहू शकतो?" मी विचारलं.

"राहू शकतो," ती म्हणाली. "क्लोरीनचं सांगता येत नाही."

मग मी एक रविवार सोडून एक रविवार बारवेवर जाऊ लागलो. सकाळची भोकरदन गाडी, पुढं काळी-पिवळी जीप. भाभींनी सरांचं भिंग दिलं होतं. मी गोमुखाखाली बसून प्रत्येक फट बघायचो, आणि काही दिसायचं नाही. मला जाणीव होती की सर याच पायरीवर बसत असणार, कारण दुसऱ्या कुठल्या पायरीवरून गोमुखाच्या ओठाखाली दिसतच नाही. त्या जाणिवेनं मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मला तिथं डबा खायला आवडू लागलं.

गावानं मला नाव ठेवलं: शेवाळवाले सर. पारावरची माणसं विचारायची, "काय सर, औंदा पीक कसंय?" एकजण म्हणायचा, "फवारणी करा की एखादी!" सरपंचबाईंच्या यजमानांना मात्र खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी गोमुखाजवळ पाटी लावली: येथे घासू नये. मावशींनी तर पहाराच धरला. कपडे धुवायला आलेल्या बायांवर त्या वरूनच ओरडायच्या, "ए, तिकडं साबण नको! तिथं सरांचं हाये ते!"

"काय हाये, मावशी?"

"काय बी न्हाई. पण हाये!"

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. माघात एका सकाळी फोन आला. मावशी फोनवर नेहमीपेक्षाही मोठ्यानं बोलतात.

"भाऊ! आलं बघा तुमचं शेंबडं!"

मी गेलो. गोमुखाच्या ओठाखाली, उजव्या बाजूच्या फटीत, नखाएवढा एक झुबका होता. धार लागली की हलायचा. मी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. फोन करून सांगितलं तर ती मुलगी म्हणाली, "हात लावू नका. अजून दोन आठवडे. बीज धरू दे." ते दोन आठवडे मला आधीच्या दोन महिन्यांपेक्षा मोठे गेले.

ती आली ती पाठीवर सूक्ष्मदर्शक घेऊनच. देवळाच्या ओट्यावर उन्हाच्या कडेला तिनं तो मांडला, आरशात उजेड धरला. चिमट्यानं झुबक्यातली एक माळ काढली, चिमूटभरसुद्धा नाही, आणि काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवली. मग डोळा लावला. काच सरकवली. भिंगं बदलली. मावशी खराटा टेकून उभ्या. मी कुठं बघावं ते न कळून देवळाच्या घंटेकडं बघत होतो. ती मान वर करीना.

शेवटी ती बाजूला झाली. "काका, तुम्हीच बघा."

मी डोळा लावला तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग हिरवट मणी, मग मण्यांमधून बाहेर आलेल्या बारीक फांद्या, आणि त्यांतली एक छोटी, टोकाला फुगलेली. तिला पीळ होता. मी सरांचं पेन्सिलचित्र इतक्या वेळा पाहिलं होतं की क्षणभर वाटलं, आपण कागदच बघतोय. पण कागदाखाली पाणी हलत नसतं.

"हिला आहे," मी म्हणालो. "बाकीच्यांना?"

"सगळ्यांना आहे. मी बघितलेल्या सगळ्यांना."

"मला बी दावा की," मावशी म्हणाल्या. त्यांनी खराटा बाजूला ठेवला, पदरानं डोळा पुसला आणि वाकल्या. त्यांना वाकायला फार लागत नाही. "अगं बया. सुतळीवाणी पिळलंय की. हे कुणी पिळलं?"

"कुणी नाही. ते असंच असतं," मुलगी म्हणाली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. मीही पुसले. मावशी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या.

अर्थात एवढ्यानं नवी जात होत नाही, हे तिनं मला लगेच सांगितलं. जनुकांची तपासणी हवी, जुन्या संग्रहांतले नमुने मागवून ताडून बघायला हवेत, निबंध लिहायला हवा, तो दोघा-तिघांनी तपासायला हवा. ते सगळं यथावकाश झालं. जनुकांनीही तेच सांगितलं. औषधात घालून आणलेला, संग्रहात ठेवायचा मुख्य नमुना कागदावर चढवायचा दिवस आला तेव्हा तिनं मला संभाजीनगरला बोलावलं आणि ट्रे माझ्यापुढं सरकवला. मी तीस वर्षं नुसतं बघितलं होतं. तरी पहिल्या दोन कागदांवर माझ्या हातून गुंताच झाला. तिसरा जमला. त्याखाली घालायला मी घरून वर्तमानपत्रं नेली होती.

नावाचा प्रश्न आला. "सरांचं नाव देऊ या का?" तिनं विचारलं. मी दोन दिवस मागून घेतले. कुणी एखाद्या वनस्पतीला आपल्या साहेबांचं नाव दिलं की सर म्हणायचे, "त्या गरीब झाडाला कुणी विचारलं का?" मी तिला हेच कळवलं. शेवटी गावाच्या नावाला लॅटिन शेपूट लावून नाव झालं. सरांचे सगळे जुने कागद निबंधात नोंदले गेले, संग्राहक म्हणून त्यांच्या नावासकट. गावात दुसरा फ्लेक्स लागला. त्यावर शेवाळापेक्षा सरपंचबाईंच्या यजमानांचा फोटो मोठा होता, पण मजकुरात 'शेवाळ' हा शब्द होता, आणि ठळक होता.

निबंध छापून आला तो मी भाभींना नेऊन दाखवला. त्यांनी फोटो जवळ धरून पाहिला. "कितना बड़ा रहता ये?"

मी बोट दाखवलं.

"इतने के वास्ते हर इतवार?" त्यांनी फोटो खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मेरे कू लेके चलो."

तीस वर्षांत भाभी त्या बारवेवर कधी गेल्या नव्हत्या. या पौषात, माळा नुकत्याच फुटल्या होत्या तेव्हा, आम्ही भोकरदनपासून रिक्षा करून गेलो. भाभी भिंत धरून पायऱ्या उतरल्या आणि गोमुखाखाली वाकून बघत राहिल्या.

"लाल किधर है?"

"वाळल्यावर होतं, भाभी."

"उनका सब ऐसाच था," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मावशी वरून उतरल्या. "भाऊ, ह्या कोण?"

"जालन्याच्या सरांच्या घरच्या."

मावशींनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. "बरं झालं आल्या. बाई, तुमच्या मालकानं माझा डबा नेल्ता. शेवाळ बर्फात घालून न्यायला. आणून देतो म्हणले आन् दिलाच न्हाई. दहा-बारा वर्सं झाली आसतील."

भाभींनी मराठीत विचारलं, "स्टीलचा? गोल? झाकणावर नाव काढलेलं?" आणि नावही सांगितलं.

"माझंच नाव ते. लग्नातला डबा हाये."

भाभी पायरीवर बसल्या. आधी मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बारा बरस से वो डब्बा मेरे फ्रिज में है, भाईसाब. ढक्कन पे पराई औरत का नाम. मैं एक बार भी नहीं पूछी कि ये कौन है."

"का नाही विचारलं?"

"पूछती तो जवाब मिल जाता ना."

मावशींना हे नीट कळलं नाही. मी मराठीत सांगितलं. मावशींचा आ तसाच राहिला, मग त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि बारवेत असा आवाज घुमला की वरची पाखरं उडाली. "माझ्यावर? अगं बाई, माझ्यावर! थांबा, गावात सांगते मी!"

"नक्को, नक्को," भाभी म्हणाल्या आणि त्यांचाही आवाज फुटला. सर गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

निघताना भाभी म्हणाल्या की डबा उद्याच एसटीच्या वाहकाबरोबर पाठवते. मावशींनी मान हलवली. "वाहकाबरोबर नको. तुम्हीच या घेऊन. आन् डबा रिकामा देत नसतेत, म्हाईत हाये ना?"

रिक्षात बसल्यावर भाभींनी मला विचारलं, "शीरखुर्मा खाती क्या ये?"

मी खाली उतरून पुन्हा मावशींपर्यंत गेलो आणि विचारून आलो. गोड काहीही चालतं, असं त्या म्हणाल्या. फक्त काजू कमी, दात राहिले नाहीत. ईदेला अजून दोन महिने आहेत.